सुळे वर होते

माझा डावा पाय गुडघ्याखाली चार बोटं उरला आहे. बाकीचा घाटावरच्या मोठ्या दवाखान्यात गेला. त्याचं पुढं काय केलं हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

ज्याला डॉक्टरनं आज सकाळीच "पाय काढावा लागेल" असं सांगितलं असेल, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. त्यानं धीर धरावा असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत धीर धरा म्हणणाऱ्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची मला. मी कसा वागलो तेवढं सांगतो. त्यातलं काय करू नये हे त्याचं त्याला कळेल.

हत्ती

जळगाव जामोदच्या एका जिनमध्ये मी कामाला होतो. कापसाची सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, त्या गोदामात रचायच्या, असं तिथलं काम. आधी मी गाठी लोटणारा हमाल होतो. मग मालकानं मुंबईच्या गोदीतून एक जुनी फोर्कलिफ्ट विकत आणली. पुढं दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांच्यावर गाठ घ्यायची आणि माणसाच्या डोक्याच्याही वर उचलून ठेवायची. चौघं घामाघूम होऊन जे करायचे ते ती एकटी करायची. आमच्या तालुक्यात असलं यंत्र कोणी पाहिलं नव्हतं. जिनमधल्या बायांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव हत्ती ठेवलं आणि त्या पट्ट्यांना सुळे म्हणायला लागल्या. मग मालकही हत्तीच म्हणायला लागला.

मी सातवी पास. हमालांत तेवढंही शिक्षण कोणाचं नव्हतं, म्हणून मला ड्रायव्हर केलं. यंत्राबरोबर मुंबईचा एक मिस्त्री आला होता, तो आठ दिवस राहून मला शिकवून गेला. किडकिडीत माणूस, विडीवर विडी ओढायचा. चालवायला त्यानं दोन दिवसांत शिकवलं. उरलेले सहा दिवस तो एकच घोकून घेत होता, ती गाडी उभी कशी करायची ते.

तीन बोटं दाखवून तो म्हणायचा, "सुळे जमिनीला टेकव. ब्रेक ओढ. चावी काढून खिशात घाल. ही तीन कामं झाल्याशिवाय मुतायलासुद्धा खाली उतरायचं नाही. चालत्या गाडीला माणूस भितो रे, उभ्या गाडीला भीत नाही. म्हणून उभी गाडीच माणूस खाते."

मिस्त्री गेला आणि तिसऱ्याच दिवशी भानगड सुरू झाली. हत्ती उभा करायची जागा प्रेस आणि गोदाम यांच्यामधल्या बोळीत होती. सुळे जमिनीला टेकवले की बोळ आडवी अडायची. बायांच्या डोक्यावर रुईच्या टोपल्या, त्यांना सुळ्यांवरून पाय टाकून जावं लागायचं. आता आमच्याकडं वखर असो, कुऱ्हाड असो, साधी केरसुणी असो, ओलांडून कोणी जात नाही. चुकून पाय पडला तर हात लावून पाया पडतात. इथं तर सुळे होते, वर त्यांना हळदकुंकू लागलेलं. भागाबाई म्हणून सगळ्यांत जुनी मजूर होती. ती टोपली खाली ठेवून उभीच राहिली.

"बाप्पा, देवाच्या सुळ्यावरून पाय टाकाचा काय? मले नाई जमत. कामावरून काढाचं तं काढा."

मग सगळ्या बाया गोदामाला वळसा घालून जायला लागल्या. काम रेंगाळलं, मुकादम ओरडायला लागला. तेव्हा तोड मी काढली. गाडी उभी करताना सुळे खाली टेकवण्याऐवजी छातीएवढे वर ठेवायचे. बाया खालून वाकून जायच्या, वाकण्यात नमस्कारही व्हायचा. कोणी तर भाकरीचं फडकंही सुळ्याला अडकवून ठेवायचं. मुकादम खूश, बाया खूश, आणि माझी छाती तर वीतभर फुगली. मुंबईच्या मिस्त्रीला जे सुचलं नाही ते मला सुचलं होतं. मी सगळ्यांना बजावून ठेवलं की सुळे खाली टेकवायचे नाहीत म्हणजे नाहीत.

ब्रेक आणि चावी मात्र मी कधी चुकवली नाही. तीनपैकी दोन कामं करतोच आहोत, असं मी मनाशी म्हणत असे.

मंगळवार

दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे लिंबाखाली जेवायला गेले की मी एकटा हत्तीजवळ यायचो. मालकानं दिलेले जाड बूट काढून बाजूला ठेवायचो आणि अनवाणी पायानं पुढं होऊन सुळ्यांना कुंकू लावायचो. माझा हा नेम मी कोणाला सांगितला नव्हता. लोकांनी पाहिलं असतं तर हसले नसते, पण मलाच लाज वाटायची.

त्या मंगळवारी सुळ्यांवर एक गाठ तशीच होती. जेवण झाल्यावर लगेच रचायची म्हणून मी ती उतरवली नव्हती. मी बूट काढले, कुंकवाची पुडी उघडली आणि डावा पाय सुळ्याखाली टाकून हात पुढं केला. कुठंतरी फट्‌ असा आवाज झाला. तेलाचा पाइप फुटला होता. तोंडावर गरम तेल उडालं आणि गाठीसकट सुळे खाली आले.

मी मागं उडी मारली. डावा पाय तेवढा मागं आला नाही.

पहिले काही क्षण दुखलंच नाही. मी पाहत होतो की माझा पाय एका लोखंडाखाली आहे आणि तो आपला नसावा असं वाटत होतं. मग मी ओरडलो. पहिला धावत आला तो माझा धाकटा भाऊ दिगांबर, दिगा. तोही त्याच जिनमध्ये हमाल होता. दोन लेकरांचा बाप, माझ्यापेक्षा अंगानं दुप्पट. त्यानं आणि इतरांनी लाकडी बल्ल्या घालून सुळा उचलला, मला बाहेर ओढलं, माझं धोतर फाडून पाय बांधला आणि मालकाच्या ट्रकमध्ये घातलं.

ट्रक निघायच्या आधी मुकादमानं वाकून विचारलं, "कसं झालं बे परल्हाद?"

मला चांगली शुद्ध होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण डोळ्यांपुढं तो मिस्त्री उभा राहिला, तीन बोटं दाखवत. आणि माझ्या तोंडून निघालं, "सुळे खाली घेऊन राह्यलो होतो. टेकवता टेकवता पाइप फुटला."

म्हणजे मी शिकवल्याप्रमाणंच करत होतो, चूक यंत्राची.

"अन् बूट होते नं पायात?"

"होते."

दिगा माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मुकादमानं त्याला हत्तीची चावी आणायला सांगितलं, तो उतरून गेला, मिनिटभरात परत आला, चावी मुकादमाला दिली आणि ट्रक निघाला.

वॉर्ड

नांदुरा, मोताळा, मग घाट. घाटातलं प्रत्येक वळण मी पायानं मोजलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय धुतला, सुई दिली आणि मुकादमानं विचारलं तेच विचारलं, "पायात काही होतं का?" मी पुन्हा "बूट होता" म्हणालो. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला काही कष्ट पडत नाहीत.

वॉर्डातले दिवस असे: सकाळी नर्स थर्मामीटर लावायची, मग झाडणारी बाई फिनेल टाकून जायची, मग डॉक्टरांची फेरी, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची गाडी दाराशी वाजली की मी खाटेची दांडी धरायचो. दुपारी माझी बायको सुमन डबा घेऊन यायची. ती दवाखान्याच्याच गावात लांबच्या एका नात्यातल्या घरी राहत होती. पोरीला आईकडं ठेवून आली होती.

शेजारच्या खाटेवर जानेफळचे किसनजी होते. कांद्याच्या वाफ्यात साप चावला, जीव वाचला, पण हात सडला आणि तीन बोटं गेली. घरचा भाजीपाला, त्यामुळं बोलणं सगळं वांगी, मिरची, कोथिंबीर. पहिल्या दिवशी मी दात खाऊन गप्प पडलो होतो तर म्हणाले, "दुखते तं ओरडा नं. इथं कोन सोयरिक जमवाले आलं हाये?" मी ओरडलो. मोठ्यानं ओरडलो. त्यानं पाय कमी दुखला नाही, पण एकटेपणा कमी झाला. हे मात्र करावं, ज्याला करता येईल त्यानं.

पाचव्या-सहाव्या दिवशी बोटं काळी दिसायला लागली. वास यायला लागला. सुमन पदर नाकाला न लावता बसायची आणि तिला न लावायला किती जोर लागतो हे मला दिसायचं. एक दिवस मी तिच्यासमोर डबा भिरकावला. वरण भिंतीवर गेलं. ती भिंत पुसून म्हणाली, "मले बी राग येते. पन मी कोठी फेकू?" आणि मग ती रडली, आणि मीही रडलो, आणि किसनजींनी भिंतीकडं तोंड केलं.

मुकादम आला

त्याच आठवड्यात मुकादम भेटायला आला. केळी घेऊन आला होता. बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "फिकीर करू नोको. हंगाम हाये, हत्ती उभा ठेवून जमत नाई. पाइप नवा बसवला. अन् दिगाले बसवला मशीनवर. तुयाच घरात काम राह्यलं."

मला आधी बरं वाटलं. घरचं माणूस, घरचं काम. मग मी विचारलं, "सुळे कसे ठेवते तो?"

"वरच. आता तं कोनी खाली टेकवूच देत नाई. भागाबाई म्हनते, सुळे खाली घ्याले गेला म्हनून परल्हादचा पाय गेला. देवाले जमिनीले लावाचं नसते. मालक बी म्हनाला, राहू द्या वर, बाया भेल्या हायेत."

मी केळं हातात धरून बसलो. सोललं होतं, खाल्लं नाही.

माझ्या खोट्याचं त्यांनी असं केलं होतं. मी म्हणालो होतो की सुळे खाली घेताना अपघात झाला. त्यांनी त्याचा अर्थ लावला की खाली घेणंच वाईट. वर ठेवण्याची माझी जी चुकीची रीत होती ती आता देवाची आज्ञा होऊन बसली होती. आणि त्या सुळ्यांखालून दिवसातून पन्नास वेळा जाणारा माणूस माझा भाऊ होता.

मुकादमाला तिथंच सांगायचं होतं. मी तोंडही उघडलं. पण अपघाताचा जबाब माझ्या नावानं मालकाकडं लिहून गेला होता, खाली माझी सही होती. खोटा जबाब दिला म्हणून मला काढतील, मग दिगालाही काढतील, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठं कारण म्हणजे लाज. जिनमध्ये सगळ्यांना हुकूम सोडणारा परल्हाद अनवाणी पायानं सुळ्यांना कुंकू लावत होता, हे लोकांना कळेल. पाय सडत होता आणि मला लाजेची पडली होती. मी म्हणालो, "दिगाले म्हना, जपून." मुकादम "हाव" म्हणून गेला.

त्यानंतर मला पायाची भीती उरली नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. दोन्ही भीती होत्या. ड्रेसिंगच्या वेळी पायाची, बाकी सगळा दिवस दिगाची. बारा वाजले की जिनमध्ये जेवणाची सुट्टी होते. बारा वाजले की मी दाराकडं पाहत बसायचो की कोणी वाईट बातमी घेऊन येतं का. दारातून कोणीही घाईनं आलं की मी उठून बसायचो. नर्स रागावायची. मला वाटायचं मी मेलो असतो तर बरं झालं असतं, निदान कशानं मेलो याची चौकशी तरी झाली असती.

डॉक्टर खाटेवर बसले

डॉक्टर नेहमी उभ्यानं बोलायचे. त्या सकाळी ते खाटेवर बसले, तेव्हाच मला कळलं.

"प्रल्हाद, बोटं काढून भागणार नाही. काळं वर चढतंय. गुडघ्याखाली काढावा लागेल. उद्या सकाळी."

"नाही काढला तर?"

"तर तीन-चार दिवसांत तुम्ही नसाल."

मग ते थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या पायात बूट नव्हता. जखमेत माती होती, शेणाचं काड होतं. बूट असता तर असं आत गेलं नसतं. तुम्ही का तसं म्हणालात मला माहीत नाही."

मी विचारलं, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पाय राहिला असता का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. पाय फार चिरडला होता. पण मला अंधारात का ठेवलंत?" ते रागावले नव्हते, दमलेले होते. हे मी मुद्दाम लिहितो. डॉक्टरशी खोटं बोललं तर पाय जातोच असं नाही. पण मग "राहिला असता का" हा प्रश्न आयुष्यभर उशाशी राहतो, आणि त्याला उत्तर नसतं.

दुपारी सुमन आली. मी तिला पाय जाणार हे सांगितलं. ती खाटेची कड धरून उभी राहिली. मी तिला बस म्हणालो आणि मग सगळं सांगितलं. सुळे वर होते. गाठ वर होती. मी अनवाणी होतो. मी मुकादमाला खोटं सांगितलं, डॉक्टरला खोटं सांगितलं, तुलाही.

तिनं आधी नीट ऐकलं नाही असं वाटलं. मग ती एकदम म्हणाली, "अन् भाऊजी त्याच मशीनवर हायेत?"

"हो."

"अन् मुकादम येऊन गेला तवापासून, आठ दिवस, तुमाले हे ठाऊक हाये?"

मी मान हलवली.

"मले सांगाले तुमाले पाय जाची वाट पाहा लागली?"

तिनं पदर खोचला, पिशवी उचलली. मी म्हणालो, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. ती म्हणाली, "मंग मी थांबू का जाऊ, ते सांगा. तुमीच सांगा." तिच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं. टेबलावर मी मेलो तर ती जवळ नसणार होती, आणि ती थांबली तर उद्या बारा वाजता सुळ्याखाली दिगा असणार होता.

"जाय," मी म्हणालो.

ती गेली. तीनची गाडी मिळाली असेल असा हिशेब करत मी पडलो. कागदावर सही मी माझ्याच हातानं केली. सकाळी स्ट्रेचर आलं तेव्हा माझं असं कोणीच नव्हतं. किसनजी उठून बरोबर चालत आले, त्यांच्या उरलेल्या दोन बोटांनी माझा हात धरून. ते मला वांग्याची रोपं कशी लावायची ते सांगत होते. दोन हाताचं अंतर, खड्ड्यात शेणखत, पाणी बुडाशी. दारापर्यंत ते सांगत राहिले. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडणार?

चावी

शुद्धीवर आलो तर पहिल्यांदा पाय खाजला, डाव्या पायाचा अंगठा. मी हात नेला तर पांघरूण सपाट होतं. पुढं महिनोन्‌महिने तो अंगठा खाजत राहिला. नसलेला अवयव दुखतो, खाजतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मला वेड लागलं असं वाटलं. वेड लागत नाही. हे सगळ्यांना होतं.

दुपारी सुमन आणि दिगा आले. दिगाला धडधाकट दोन पायांवर चालत येताना पाहिलं आणि मी हुंदके देऊन रडलो. तो उभा राहिला. माझ्या पांघरुणाकडं त्यानं पाहिलं नाही.

"सुमननं सांगितलं?" मी विचारलं.

"वैनीनं सांगाची गरज नव्हती, दादा."

"म्हणजे?"

"मुकादमानं मले चावी आनाले धाडलं होतं नं? चावी मशीनले नव्हतीच. मी तिथं गेलो, मशीन पाह्यलं, अन् आठोलं का तुमाले उचलताना तुमच्या खिशातलं काही मले रुतलं होतं. तसाच परत आलो, तुमी डोये मिटले होते, तुमच्या खिशातून काढली अन् मुकादमाले देल्ली. म्हनलं मशीनलेच होती. सुळे खाली घेनारा मानूस चावी खिशात ठेवून कसा घेईन?" तो खाली बसला. "अन् बूट जोडीनं ठेवले होते. ते मी गोदामात लपवले. कुंकवाची पुडी बी."

पहिल्या तासापासून त्याला सगळं ठाऊक होतं.

"मग काऊन नाही बोललास बे?" मी ओरडलोच.

"तुमी मोठे. तुमी एक बोलले, तं मी दुसरं कसं बोलू?" तो म्हणाला. "मी वाट पाहून राह्यलो होतो."

मी त्याला म्हणालो, मशीनवर बसू नको. तो म्हणाला, तो नाही बसला तर दुसरा बसेल, त्याला तर काहीच ठाऊक नसेल. मी म्हणालो, मग सगळ्यांना सांग. तो म्हणाला, "तुमी आधी बरे व्हा. मंग पाहू. मी हाये नं तिथं. सुळ्याखाली मी कोनाले जाऊ देत नाई, मी बी जात नाई. संध्याकायी सगळे गेले का खाली टेकवतो, सकायी कोनी याच्या आधी वर घेतो. तुमी फिकीर करू नोका."

आणि मी त्याचं ऐकलं. ज्यानं हे वाचताना मला इथपर्यंत माफ केलं असेल त्यानं इथं थांबावं. माझा पाय कापून झाला होता, खोटं उघडं पडलं होतं, तरी "मंग पाहू" म्हटल्याबरोबर मला हायसं वाटलं. लाज थोडी पुढं ढकलली गेली, तेवढ्यानंच. सुमननं माझ्याकडं पाहिलं आणि डबा उघडला.

लिंबाखाली

घरी आल्यावर दोन महिने मी कुबड्यांवर अंगणाच्या पलीकडं गेलो नाही. जखम भरली, आतला माणूस नाही भरला. पोरीनं विचारलं, पाय परत कधी येईल? मी तिला जवळही घेऊ शकलो नाही. दिगा रोज संध्याकाळी येऊन एकच सांगायचा, "ठीक हाये." त्याचे गाल बसत चालले होते. कामाचा ताण असेल असं मी धरून चाललो.

मग एका दुपारी, सुमननं काही न विचारता कुबड्या पुढं केल्या आणि म्हणाली, "चला. जेवाची सुट्टी झाली असन." जिन घरापासून लांब नव्हता. मला तिथं पोचायला किती वेळ लागला ते सांगत नाही.

लिंबाखाली सगळ्या बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, भागाबाईनं माझ्यावरून हात ओवाळून कडकडा बोटं मोडली, कोणी पाणी आणलं. दिगा त्यांच्यात नव्हता. बोळीत हत्ती उभा होता, सुळे छातीएवढे वर, आणि दिगा सीटवर ताठ बसलेला.

"दिगा जेवत नाही?" मी विचारलं.

"तो आता साहेब झाला," भागाबाई म्हणाली. "मशीनवर बसल्यापासून आमच्यात एक दिवस नाई बसला. सुट्टी झाली का तिथी जाऊन बसते, घंटी होईलोक. ना जेवते, ना बोलते. मशीनवर उष्टं सांडू नाई, हे त्याले बी ठाऊक हाये, म्हनून तिथी खात बी नाई. अन् कोनी सुळ्याखालून निंघालं तं अंगावर येते. तुया भावाले मशीन चढलं रे बाबू."

म्हणजे तो बोळ राखत बसला होता. सुट्टीत बाया मोकळ्या फिरतात, कोणी सुळ्याखाली टेकेल, कोणी फडकं काढायला वाकेल, म्हणून तो रोज उपाशी तिथं बसत होता आणि वर लोकांचे टोमणे खात होता. माझा शब्द खोटा पडू नये म्हणून. सकाळची भाकरी त्यानंतर थेट संध्याकाळी. दोन महिन्यांहून जास्त.

सुमननं माझ्या पाठीला हात लावला. मी कुबड्यांवर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो. जमिनीकडं पाहत बोललो, पण बोललो.

"त्या दिवशी सुळे वर होते. मी खाली घेत नव्हतो. गाडी उभी करून, चावी खिशात घालून, बूट काढून मी कुंकू लावत होतो. वर ठेवले म्हणूनच पडले. खाली असते तर माझा पाय गेला नसता. मी मुकादमाला खोटं सांगितलं. दिगाला हे ठाऊक आहे, म्हणून तो तिथं बसतो. तुमच्यातलं कोणी मरू नये म्हणून."

दिगानं माझ्याकडं पाहिलं, चावी फिरवली आणि सुळे खाली घेतले. जमिनीला टेकेपर्यंत त्याचा हात दांड्यावर होता. मग ब्रेक ओढला, चावी खिशात घातली आणि तो उतरून आमच्याकडं आला.

मला वाटलं आता भागाबाई देवाचं काहीतरी बोलेल. तिनं तसलं काहीच काढलं नाही. तिनं आपल्या फडक्यातली भाकरी मोडली, ठेचा ठेवला, दिगाच्या हातात दिली आणि तो खायला लागेपर्यंत थांबली. मग माझ्याकडं वळली.

"पाय तं गेला तुया, त्याचं दुख हाये," ती म्हणाली. "पन याले इतके दिवस उपाशी काऊन ठेवलं रे?"